मार्क द्यायला शिकवणारे सबनीस साहेब

सबनीस साहेबांची नक्कल अगदी सोपी. मान सरळ, ओठ मिटलेले, दोन्ही हात टेबलावर पालथे. समोरचा बोलायचा थांबला की मनात तीनपर्यंत मोजायचं आणि मग हळू आवाजात विचारायचं, "हे तुम्हांला दिसलं, की वाटलं?" बस. एवढ्यावर अख्खं कॅन्टीन लोळवलंय मी.

पण तो माणूस मला आवडला नाय. तेव्हाही नाय, आताही नाय. आधीच सांगून टाकतो. नायतर अशा लिखाणात काय होतं, शेवटच्या पानावर लेखक डोळे पुसतो आणि म्हणतो, बाहेरून काटेरी, पण आत गरे. इथे आत गरे वगैरे काय नव्हते. मी बघितलंय.

आमची कंपनी रोह्याला, धाटावला. कापडाच्या रंगाची पावडर बनायची. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालावर त्या दिवशीचा रंग. मी पेणच्या रामवाडीतला, रोज एसटीने जाऊन-येऊन. टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं आणि टायपिंग, ते पण प्रोबेशनवर. बाकी वेळात नकला. मॅनेजर, कॅन्टीनवाला, युनियनचा सेक्रेटरी, गेटवरचा कुत्रा, सगळे करायचो. कुत्रा सगळ्यांत चांगला जमायचा.

त्या वर्षी असं ठरलं की दहा टेम्पररी कामगारांतले चार कायम करायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. चार कोण, ते सुपरवायझरांनी भरलेल्या फॉर्मवरून. प्रत्येक कामाला एक ते पाच मार्क. पण आदल्या वर्षीचे फॉर्म मुंबईच्या हेड ऑफिसात उघडले तर सगळ्यांना सगळीकडे चार. झाडूवाल्यालाही चार आणि केमिस्टलाही चार. मग सुपरवायझरांना नीट मार्क द्यायला शिकवा म्हणून तीन महिन्यांसाठी सबनीस साहेबांना आमच्याकडे पाठवलं.

आले ते रोह्याच्या स्टँडवरून चालत. जीप पाठवली होती, ती रिकामी परत गेली. का, तर ड्यूटी नऊला सुरू होते आणि नऊच्या आधी कंपनीची गाडी वापरत नाहीत. मी गेटवर सलाम ठोकला. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "तीन."

मला कळेना. "काय तीन साहेब?"

"सलाम. पाचपैकी. नजर दुसरीकडे होती."

असा माणूस. कॅन्टीनचा चहा घ्यायचे नायत, थर्मासमधून नुसतं गरम पाणी प्यायचे. खुर्चीवर बसायच्या आधी रुमालाने पुसायचे आणि मग रुमालाला काय लागलंय ते बघायचे. खिशात एक छोटी वही. त्यात काय लिहितात कोणाला माहीत नाय, पण ते लिहायला लागले की समोरच्याचा हात आपोआप शर्टाच्या बटणांकडे जायचा.

पहिल्या दिवशी कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून आठ सुपरवायझरांना बसवलं. त्यांच्यात मोठे घरत साहेब. अ‍ॅसिड प्लांटचे. वीस वर्षं कंपनीत, आवाज असा की भोंग्याची गरज नाय. लग्न, बारसं, दहावं, सगळ्यांच्या घरी घरत साहेब पहिले. माणूस मायाळू, पण मानाला जपणारा. सबनीसांनी आदल्या वर्षीचे फॉर्म काढले आणि एक वर धरला.

"घरत, इस्माईल कोण?"

"माझा मानूस हाय साहेब. फिटर. सोन्यासारखा."

"हजेरीला तुम्ही चार दिलेत."

"मग. कधी दांडी नाय त्याची."

"आता कुठे असतो?"

"मस्कतला."

"कधी गेला?"

"झाला की वर्षभर... दीड वर्ष." मग स्वतःच म्हणाले, "जाताना सगळ्यांना पेढे वाटलेन त्याने."

सगळं कॅन्टीन हसलं. घरत साहेबही हसले असते, पण सबनीस हसले नायत. त्यांनी फॉर्म खाली ठेवला, कडा जुळवल्या आणि तीन मोजून म्हणाले, "तुम्ही पेढ्याला चार दिलेत." हा विनोद नव्हता. त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. घरत साहेबांचे कान लाल झाले ते मी खिडकीतून बघितले.

शिकवायची पद्धत त्यांची अशी. आधी फळ्यावर लिहायचं, पाच म्हणजे काय, तीन म्हणजे काय, एक म्हणजे काय. "पाच म्हणजे लय भारी," एक जण म्हणाला. साहेबांनी ते फळ्यावर लिहिलं आणि लगेच पुसलं. पाच म्हणजे मशीन चालू करण्याआधी स्वतः तपासतो. तीन म्हणजे सांगितलं तर तपासतो. एक म्हणजे सांगूनही नाय. असं प्रत्येक कामाचं. मग सगळ्यांनी एकाच माणसाचं काम बघायचं, आपापले मार्क लिहायचे, आणि कोणाचा आकडा कुठे चुकला ते सगळ्यांसमोर काढायचं. आता मला कळतं, पद्धत बरोबर होती. त्या माणसाचं सगळं बरोबरच असायचं. तीच तर चीड.

दाखवायला त्यांनी मुंबईहून व्हिडिओ कॅसेट आणली होती. टीव्हीवर एक गोरा टाय लावून टेबलावर कागद लावतोय आणि इंग्रजीत बोलतोय. पाच मिनिटं सगळ्यांनी शांतपणे बघितलं. मग घरत साहेब म्हणाले, "साहेब, या मानसाला टाकायचा कुठल्या प्लांटला?" तेवढ्यात लाइट गेली ती तीन तास आली नाय. कोणीतरी म्हणालं, आपल्या गुरवला उभा करा, तो कोणाचंही काम करून दाखवतो. असा मी सबनीस साहेबांची कॅसेट झालो.

मला म्हणाले, "गुरव, प्लांटमध्ये जा. बघ. जे दिसलं ते कर. एकही गोष्ट आपल्या मनाची नको."

मधल्या एका रविवारी त्यांना घरच्यासाठी गणपतीची मूर्ती हवी होती. पेणचा म्हणून मला बरोबर घेतलं आणि आम्ही जोह्याला गेलो. मूर्तींचे कारखाने तिथे घरटी. एका शेडमध्ये शेकडो गणपती मांडलेले, निम्म्यांना अजून डोळे नव्हते. साहेब एकेक मूर्ती फिरवून पाठ बघायला लागले. रंगवणारी बाई बराच वेळ बघत होती. शेवटी शेजारणीला म्हणाली, "बघ गो, हा देवाला पाठीमागून नमस्कार करनार."

साहेबांवर परिणाम शून्य. अर्ध्या तासाने कोपऱ्यातल्या एका मूर्तीपाशी थांबले. मूर्ती दीड फुटाची, रंगही पुरा नाय. म्हणाले, "ही. हिचा हात बघा. बोटांत वजन आहे." कारखानदार म्हातारा उठून जवळ आला. त्याच्या तोंडावर असं काय आलं म्हणून सांगू. म्हणाला, "चाळीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नव्हतं. ही मी स्वतः केलीय. साहेब, घेऊन जा, आठ इंचीच्या भावात देतो."

"नको," सबनीस म्हणाले. "मी आठ इंच ठरवून आलोय."

आणि ओळीतली पहिली आठ इंची उचलली. तिचा एक कान दुसऱ्याहून मोठा होता, तेही त्यांना दिसलं होतं, कारण तसं ते बोलले. कागदात गुंडाळून मुंबईला घेऊन गेले. म्हातारा बराच वेळ ती दीड फुटी धरून उभा होता. मी तेव्हा हसलो. ही पण नक्कल मिळाली म्हणून.

आता बाळाराम. बाळाराम पाटील, वडखळच्या अलीकडचा, खाडीकाठचा. घरची सगळी मिठागरावर. चिखलाच्या बांधावरून चालून चालून त्याची चालच तशी झालेली, पाय फाकवून, प्रत्येक पाऊल आधी टेकून बघायचं, मग भार द्यायचा. सहा वर्षं टेम्पररी, घरत साहेबांच्या हाताखाली, अ‍ॅसिडच्या पंपावर. त्या दहा जणांत तो होता. बायकोने सांगितलं होतं, कायम झालास तर पोरीला पेणच्या शाळेत घालू, नायतर पुढच्या हंगामाला मिठागरावर चल, माझ्याच्याने एकटीने होत नाय. हे त्याने मला एसटीत सांगितलेलं. आम्ही वडखळपर्यंत एकत्र असायचो.

बाळारामची नक्कल म्हणजे मेजवानी. पंप सुरू करण्याआधी तो पंपाभोवती एक फेरी मारायचा, तशाच चालीने. मग पंपावर तळहात ठेवायचा. मग कान लावायचा, तोंड उघडं. मग जोडाजवळ नाक नेऊन वास घ्यायचा. मग बटण. बाकीचे एवढ्यात दोन पंप चालू करायचे.

मी हे सगळं कॅन्टीनमध्ये केलं. पंप म्हणून पाण्याचं पिंप. पिंपाला कान लावला तेव्हाच दोघे खुर्चीवरून घसरले. आता माझ्यासारख्याला लोक हसायला लागले की थांबता येतं का. मी खिशातून पाना काढला आणि कान लावल्या-लावल्या त्याने पाठ खाजवली. मग मागे वळून विचारलं, "आज वार कंचा?" हे दोन्ही माझं. बाळारामने असं कधी केलं नाय. घरत साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाळ्याच हाय," म्हणाले, "हुबेहूब बाळ्या."

साहेबांनी मार्क लिहायला सांगितले. चिठ्ठ्या गोळा केल्या. सगळ्यांचे एक नायतर दोन. घरत साहेबांचा एक.

साहेब म्हणाले, "पाच."

सगळे घरत साहेबांकडे बघायला लागले.

"हा मनुष्य पंप सुरू करण्याआधी फिरून बघतो, तापलाय का बघतो, आवाज ऐकतो, गळती हुंगतो. कोणी न सांगता. तुमच्याच फळ्यावर लिहिलंय, हे पाच. मी आठ दिवस त्या प्लांटवर उभा होतो. हे रोज होतं. घरत, तुमचा माणूस आहे. सहा वर्षांत तुम्हांला दिसला नाही. तुम्ही एक दिलात, कारण तो चालतो कसा ते बघून हसू येतं."

मग माझ्याकडे वळले. "पाना आणि वार, हे प्लांटवर नव्हतं."

बस, एवढंच. मला ओरडलेही नायत. घरत साहेब उठून हात धुवायला गेले ते परत आले नायत.

त्यानंतर आठ दिवसांत अख्ख्या धाटावात बाळारामला लोक "आज वार कंचा" म्हणून हाक मारायला लागले. पोरं पाना दाखवायची. बाळाराम हसायचा, त्याला वाटायचं कसलीतरी गंमत चाललीय. मला विचारलंन, "पिंट्या, ही काय भानगड हाय?" मी म्हटलं, "काय नाय, टाइमपास."

मग खरे फॉर्म आले. टायपिंग माझ्याकडे. नवीन पद्धतीत नुसता आकडा चालत नव्हता, खाली प्रसंग लिहायचा, स्वतः बघितलेला. बाळारामचा फॉर्म घरत साहेबांच्या अक्षरात. सगळीकडे दोन. आणि खाली लिहिलेलं: पंप चालू न करता तोंड उघडं ठेवून उभा राहतो. कामाच्या वेळी पान्याने पाठ खाजवतो. आज कोणता वार आहे याचं भान नसतं.

मी टाइपरायटरमधला कागद काढून ठेवला. घरत साहेब खोटं लिहिणारे नव्हते. त्यांनी बाळाराम म्हणून जे बघितलं होतं ते लिहिलं होतं. फक्त तो बाळाराम नव्हता, मी होतो.

आधी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "साहेब, पाना मी घातलेला. बाळारामचं नाय ते."

"तू गप," घरत साहेब म्हणाले. "तो मुंबईवाला सगळ्यांसमोर मला शिकवतो माझा मानूस कसा हाय ते. आता मी पाच दिले तर लोक काय म्हणतील, घरतला अक्कल दिली. दोन लिवलेत, दोनच राहतील."

मग सबनीसांकडे गेलो. ते खुर्ची पुसत होते. फॉर्म पुढे ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "लिहून देशील?"

मी म्हटलं देतो. प्रोबेशनवर असून लिहिलं. पान्याचा प्रसंग माझ्या मनाचा, वाराचा पण माझ्या मनाचा, बाळाराम पाटील यांनी असं कधी केलेलं नाही, खाली सही. साहेबांनी वाचलं, एका ठिकाणी चुकलेली वेलांटी दुरुस्त केली, आणि कागद पंच करून फाइलला लावला. मी फाइलीचं नाव बघितलं. ट्रेनिंग, उदाहरणे.

"साहेब, हे मॅनेजरना जाईल ना?"

"नाही. हे पुढच्या बॅचला उपयोगी आहे. बघणाऱ्याची चूक कशी होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला आजवर मिळालं नव्हतं."

"आणि बाळाराम?"

तीन मोजले. "मार्क देणं घरतांचं काम आहे. मी एकदा हात घातला, तर ते मार्क त्यांचे राहणार नाहीत. मग ही सगळी पद्धतच खोटी."

"पण साहेब, तुम्हांला तर माहीत आहे."

"हो," म्हणाले. "मला माहीत आहे."

मी मॅनेजरकडे गेलो नाय. ते माझं. त्याचे मार्क मला कोणी विचारले नायत, मीही कोणाला सांगत नाय. पण मी चोवीस वर्षांचा, प्रोबेशनवरचा पिंट्या होतो. सबनीस साहेबांनी एक फोन उचलला असता तर काम झालं असतं. त्यांचा कोणी बॉस रोह्यात नव्हता, कोणाची भीती नव्हती, घरतांसारखा राग पण नव्हता. रागाने केलं असतं तर मी समजू शकलो असतो. घरत साहेबांना मी माफ केलंय. ते बाळारामच्या पोरीच्या बारशालासुद्धा गेले होते, आणि यादी लागल्यावर दोन दिवस जेवले नायत, हे मला त्यांच्या डबेवाल्याने सांगितलं. सबनीस रोज जेवत होते. पोळी चार घड्या करून, प्रत्येक घासाला भाजी सारखी.

यादी बोर्डावर लागली. चार नावं. बाळाराम नव्हता. ज्याला पेपर वाचत वाचत पंप चालू करायची सवय होती तो होता.

त्याच दिवशी साहेबांचं काम संपलं. संध्याकाळच्या पनवेल गाडीला ते, मी आणि बाळाराम, तिघेही. साहेब पुढे खिडकीत, मी मागच्या सीटवर. बाळारामच्या हातात प्लांटमधल्या कपाटातलं सामान, एक टॉवेल, डबा, जुने बूट. त्याने मला बघितलं, मान हलवली आणि सरळ जाऊन साहेबांच्या शेजारी बसला.

"सायेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुमी असताव तर मना किती दिले असते?"

मी मनात म्हणत होतो, दोन सांगा. एवढं एक खोटं बोला. तुमचं काय जातंय.

"वेगाला तीन," सबनीस म्हणाले. "बाकी सगळीकडे पाच."

बाळारामने मांडीवरचे बूट सारखे केले. गाडी घाट चढत होती. "मंग घरतसायबाना का नाय सांगलाव?"

"मार्क देणं त्यांचं काम. माझं शिकवणं."

"ते शिकले नाय."

"नाही शिकले."

"मना वाटला माजाच काम कमी पडला," बाळाराम म्हणाला. आवाज अगदी साधा, जसा मला एसटीत पोरीबद्दल सांगायचा तसा. "बायकोला तसाच सांगनार होतो. की नाय जमला मना. तिनी समजून घेतला असता. आता तिला काय सांगू?"

"जे झालं ते."

बाळाराम उठला. सामान घेऊन माझ्या सीटजवळ येऊन उभा राहिला. मी सरकलो, म्हटलं, बस. बसला नाय. वरचा दांडा धरून बाहेर बघत राहिला. नागोठण्याला गर्दी चढली. एक बाई पाटी घेऊन आली, साहेबांनी पाय आत घेतले, पाटीला जागा करून दिली, "बसा" म्हणाले. वडखळला बाळाराम उतरला. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली असावी.

पेणला मी उतरलो. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबते. खालून खिडकीत बघितलं तर सबनीस साहेब झोपले होते. मान सरळ, हात मांडीवर, श्वास एकसारखा. खाली वडेवाले ओरडत होते, कंडक्टर पत्रा बडवत होता, शेजारची बाई पोराला रागे भरत होती. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्यांची झोप मोडली नाय.